‘९९.९७ टक्के’ कशाचे? एअर प्युरिफायरच्या बदली फिल्टरचा दावा तपासताना

दिवाळी आटोपली की घरोघरच्या एअर प्युरिफायरवर ‘फिल्टर बदला’ असा दिवा लागायला सुरुवात होते. कंपनीचा मूळ फिल्टर महाग असतो. ऑनलाइन दुकानात त्याच मॉडेलला ‘बसणारा’ दुसऱ्या कोणाचा तरी फिल्टर निम्म्या किमतीत मिळतो, आणि गंमत म्हणजे त्याच्या जाहिरातीतले दावे मूळ फिल्टरपेक्षाही चढे असतात. असा एक बदली फिल्टर आम्ही मागवला, मोजला, चालवून पाहिला आणि तक्रार शेवटपर्यंत नेली. विक्रेत्याच्या नावाला इथे महत्त्व नाही. तोच मजकूर आणि तीच चित्रं डझनभर विक्रेत्यांच्या पानांवर सापडतात.

जाहिरातीतलं वाक्य असं होतं: ‘एच१३ ट्रू हेपा. खोलीतील ९९.९७% पीएम २.५, विषाणू, दुर्गंधी व विषारी वायू नष्ट. ५०० चौ. फुटांपर्यंत. आयुष्य १२ महिने. धुऊन पुन्हा वापरा.’

पहिलं काम म्हणजे हे पान जसंच्या तसं जपून ठेवणं. विक्रेत्याला एक शब्दही विचारण्याआधी ते करायचं, कारण प्रश्न गेला की पान बदलतं. स्क्रीनशॉट घेताना पूर्ण पान वरपासून खालपर्यंत घ्यावं: पत्ता, तारीख, किंमत, विक्रेत्याचं नाव आणि तळाची बारीक अक्षरातली टीप, सगळं. खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो काढावेत. आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार खोक्यावर उत्पादक, पॅकर किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि आयात माल असेल तर मूळ देश असायलाच हवा. आमच्या खोक्यावर फक्त मॉडेल नंबरचं स्टिकर होतं. तक्रारीत हा वेगळा, आणि सिद्ध करायला सगळ्यात सोपा मुद्दा ठरतो.

आता त्या वाक्याकडे. हेपा म्हणजे हवेतले अगदी बारीक कण अडवणारा, दाट तंतूंच्या कागदाचा फिल्टर. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक धूलिकण, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ‘एच१३’ हा युरोपच्या ईएन १८२२ मानकातला दर्जा. त्यात फिल्टरची परीक्षा सर्वाधिक निसटणाऱ्या आकाराच्या कणांवर घेतात, आणि एच१३ साठी किमान ९९.९५ टक्के कण अडले पाहिजेत. ९९.९७ टक्के हा आकडा अमेरिकी व्याख्येतला आहे, तोही ०.३ मायक्रॉनच्या कणांसाठी. दोन्ही एकाच वाक्यात, कणाच्या आकाराचा उल्लेख न करता आले, की मजकूर इकडून तिकडून उचललेला आहे असं समजायला हरकत नाही. ‘ट्रू हेपा’, ‘हेपा टाइप’, ‘हेपा लाइक’ या शब्दांना तर कुठल्याच मानकात अर्थ नाही.

अशा जाहिरातींत हमखास भेटणारं ‘०.०१ मायक्रॉनचे कणही पकडतो’ हे वाक्यही असंच दिपवणारं. ऐकणाऱ्याला वाटतं, जितका कण बारीक तितका पकडायला अवघड. हेपाचा कागद चाळणीसारखा काम करत नाही. मोठा कण तंतूवर आदळतो, मधला घासून चिकटतो आणि अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडावाकडा हिंडतो म्हणून कुठेतरी अडकतोच. निसटतात ते साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉनच्या दरम्यानचे. त्याहून बारीक कण पकडणं सोपं असतं, त्यामुळे ‘०.०१ मायक्रॉनसुद्धा’ ही बढाई खरी असली तरी तिच्यात मर्दुमकी काही नाही.

खरी मेख ‘खोलीतील’ या शब्दात आहे. ९९.९७ टक्के ही फिल्टरमधून जाणाऱ्या हवेबद्दलची गोष्ट. खोलीतली किती हवा फिल्टरमधून जाते, किती वेळा जाते आणि दाराखालच्या फटीतून बाहेरची किती धूळ आत येत राहते, याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नाही. हा खेळ जुना आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हनीवेल कंपनीच्या प्युरिफायरच्या जाहिरातीवर नेमका हाच आक्षेप घेतला होता: फिल्टरची कार्यक्षमता सांगून घरातली हवा तेवढी स्वच्छ होते असं भासवलं, त्याला पुरावा नाही. तोच आक्षेप आज इथल्या जाहिरातीला जसाच्या तसा लागू पडतो.

खोलीसाठी उपयोगी आकडा एकच, सीएडीआर. म्हणजे यंत्र दर तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं. तो म्हणजे हवेचा प्रवाह गुणिले कार्यक्षमता. समजा एक फिल्टर ९९.९५ टक्के पकडतो आणि त्यातून तासाला ३०० घनमीटर हवा जाते. सीएडीआर जेमतेम ३००. दुसरा फक्त ९५ टक्के पकडतो, पण अडथळा कमी असल्याने ३२० घनमीटर हवा जाऊ देतो, सीएडीआर ३०४. हलक्या दर्जाचा फिल्टर पुढे! घरातल्या यंत्रात हवा पुन्हा पुन्हा फिरते, त्यामुळे एच१३ की त्याच्या वरचा दर्जा एच१४ या वादाला शस्त्रक्रियागृहात अर्थ आहे, बेडरूममध्ये फारसा नाही. लहान पंख्याच्या यंत्रात जास्त घट्ट कागद घातला तर प्रवाह मरतो आणि फायद्याऐवजी तोटा होतो.

म्हणून फिल्टर हातात आला की आधी चुण्या मोजाव्यात. आमच्या यंत्राचा फिल्टर नळकांड्यासारखा, २५० मिलिमीटर उंच. मूळ फिल्टरला १५० चुण्या, प्रत्येकीची खोली ३० मिमी. बदली फिल्टरला ९० चुण्या, खोली २५ मिमी. कागदाचं क्षेत्रफळ म्हणजे दोन गुणिले खोली गुणिले उंची गुणिले चुण्यांची संख्या. मूळचं येतं २.२५ चौरस मीटर, बदलीचं १.१२५. बरोबर निम्मं. बाहेरून दोन्ही नळकांडी सारखीच दिसतात, कारण वरून जाळी आणि कापड गुंडाळलेलं असतं. कागद निम्मा म्हणजे तेवढीच हवा ढकलायची तर कागदातून जाणारा वेग दुप्पट आणि अडथळाही जवळपास दुप्पट. पंखा तेवढा जोर लावू शकत नाही, म्हणून प्रवाह घटतो.

मग अंधाऱ्या खोलीत फिल्टरच्या पोकळीत मोबाइलचा टॉर्च लावून बाहेरून पाहावं. कागदातून मंद उजेड येणं ठीक. जिथे चुण्या टोकाच्या झाकणात चिकटवल्या आहेत तिथे टाचणीएवढा जरी लख्ख ठिपका दिसला तर तिथून हवा न गाळताच जाणार. फिल्टर यंत्रात टेकतो तिथल्या फोमच्या पट्टीकडेही पाहावं. आमच्या नमुन्यात ती पट्टी दोन टोकं जुळतात तिथे बोटाच्या पेराएवढी अपुरी होती. दोन टक्के हवा अशी बगल देऊन गेली तर कागद एच१३ असो की एच१४, एकूण कार्यक्षमता ९८ टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही.

घरच्या घरी सीएडीआर मोजता येतो, फक्त नीट मोजायला हवा. लेझर सेन्सरचा, पीएम २.५ आकड्यात दाखवणारा छोटा मीटर लागतो. यंत्रावरच्या डिस्प्लेवर भिस्त ठेवू नये, कारण त्याचा सेन्सर यंत्राच्या अंगालाच असतो, नुकत्याच गाळलेल्या हवेच्या शेजारी. हिरवा दिवा लागला म्हणजे यंत्राभोवतीची हवा साफ झाली, पलंगाच्या पलीकडची नव्हे. मीटर यंत्रापासून दूर, साधारण बसल्यावर नाक येतं त्या उंचीवर ठेवायचा.

दिवस असा निवडायचा की बाहेरचं पीएम २.५ घनमीटरमागे २५-३० मायक्रोग्रॅमच्या आत आहे. पावसाळा संपता संपता, पण हवा दमट नसताना. आर्द्रता ऐंशीच्या पुढे गेली की लेझर सेन्सर ओलाव्याने फुगलेल्या कणांनाही धूळ समजतो आणि आकडा फुगवतो. कोकणात किंवा मुंबईत जुलैत ही चाचणी करण्यात अर्थ नाही.

खोली बंद, एसी बंद, छताचा पंखा सगळ्यात कमी वेगावर, आणि तो दोन्ही टप्प्यांत तसाच चालू. उदबत्ती लावून आकडा ४०० च्या आसपास नेऊन ती पूर्ण विझवायची. ५०० च्या वर नेऊ नये. तिथे स्वस्त सेन्सरचा हिशेब बिघडतो. बाहेर यायचं आणि मीटर काचेतून किंवा मोबाइलवर वाचायचा. धूर नीट मिसळून आकडा ३०० वर आला की घड्याळ सुरू. पहिल्या टप्प्यात प्युरिफायर बंद. दुसऱ्यात पुन्हा धूर, आणि ३०० ला प्युरिफायर पूर्ण वेगावर.

आमची खोली १० बाय १२ फूट, उंची साडेनऊ, म्हणजे ३२.३ घनमीटर. प्युरिफायर बंद असताना वीस मिनिटांत ३०० चे २५५ झाले. मूळ फिल्टर लावून ३०० चे १६. बदली फिल्टर लावून ३०० चे ४०. प्रत्येक वेळी सुरुवातीच्या आकड्याला शेवटच्याने भागून त्याचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यायचा (मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ‘एलएन’चं बटण असतं) आणि वेळेने, इथे एक तृतीयांश तासाने, भागायचं. बंद असताना ०.४९, मूळ फिल्टरला ८.७९, बदलीला ६.०४. आपोआप खाली बसणारा धूर यंत्राच्या खात्यात जमा होऊ नये म्हणून ०.४९ वजा करायचे आणि खोलीच्या घनफळाने गुणायचं. मूळ फिल्टरचा सीएडीआर २६८, बदलीचा १७९. यंत्राच्या खोक्यावर ३०० छापलेलं आहे.

या पद्धतीचं बलस्थान तुलनेत आहे. मीटर सगळे आकडे सारख्याच प्रमाणात जास्त दाखवत असेल तरी भागाकारात ती चूक निघून जाते. खोलीचं घनफळ कपाटांमुळे थोडं चुकलं तरी दोन फिल्टरमधलं गुणोत्तर तेच राहतं. प्रयोगशाळेत सिगारेटचा धूर, ठरलेली धूळ आणि परागकण वापरून सीलबंद कक्षात मोजतात. घरचा आकडा त्याच्या जागी उभा राहणार नाही. पण ‘मूळ फिल्टरइतकाच किंवा अधिक प्रभावी’ असं छापणाऱ्याला ‘त्याच खोलीत, त्याच यंत्रात दोन तृतीयांश’ हे उत्तर पुरेसं बोचतं.

वीस मिनिटं संपल्यावर दार उघडून खोली मोकळी करावी. तिथे बसून मोजमाप करू नये, उदबत्तीचा धूर काही औषध नव्हे.

चौरस फुटांचा दावा हा या धंद्यातला सगळ्यात लवचीक भाग. ३०० घनमीटर सीएडीआरचंच यंत्र घ्या. अमेरिकेतल्या गृहोपकरण उत्पादकांच्या संघटनेची पद्धत ताशी जवळपास पाच वेळा हवा साफ व्हावी असं धरते. तिच्यानुसार हे यंत्र सुमारे २६५ चौरस फुटांना पुरतं. चीनच्या जीबी/टी १८८०१ मानकात सीएडीआरला ०.०७ ते ०.१२ ने गुणून चौरस मीटर काढतात; त्याचे येतात २२६ ते ३८७ चौरस फूट. आणि जाहिरातीत ५००! साडेनऊ फूट उंचीच्या ५०० चौरस फुटांत ही हवा तासाला जेमतेम सव्वादोन वेळा साफ होईल, आणि तीही पूर्ण वेगावर, जेव्हा यंत्राचा आवाज टीव्हीच्या वर जातो. त्याच पानावर ‘झोपेतही कळणार नाही इतकं शांत’ असं असतं, ते सगळ्यात कमी वेगाबद्दल. दोन्ही वाक्यं खरी असतील, एकाच वेळी मात्र नाहीत.

‘धुऊन वापरा’ हे तर सरळ नुकसानीचं. बाहेरची नायलॉनची जाळी, म्हणजे प्री-फिल्टर, धुवावीच. इमारतींची कामं चालू असलेल्या भागात ती पंधरवड्यातच मळकटते. आतला कागद धुवायचा नाही. घरगुती फिल्टरचा कागद बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंचा असतो आणि तंतूंवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो. बारीक कण पकडण्याचं बरंचसं काम तो भार करतो. साबणाच्या पाण्याने तो उतरतो. फिल्टर वाळल्यावर पांढराशुभ्र दिसतो, हवाही मोकळी जाते, आणि कार्यक्षमता मात्र कोसळलेली असते. हवेच्या फिल्टरच्या आयएसओ १६८९० चाचणीत फिल्टरला मुद्दाम आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ देऊन हा भार काढतात, आणि मग उरलेली खरी ताकद मोजतात. काचतंतूंचा कागद असेल तर पाण्याने तो फाटतो किंवा चुण्या एकमेकींना चिकटतात.

वास आणि ‘विषारी वायू’ यांचं उत्तर वजनकाट्यावर मिळतं. वायू हेपाच्या कागदात अडकत नाहीत. त्याला सक्रिय कोळसा लागतो, आणि तो भरपूर लागतो. आमच्या बदली फिल्टरमध्ये काळी फवारणी केलेलं कापड होतं, दाणेदार कोळसा नव्हताच. अशा कापडावर फोडणीचा वास काही दिवस रेंगाळेल, मग तो सुटून परत खोलीत येईल. नव्या फर्निचरमधल्या फॉर्मल्डिहाइडवर तर साधा कोळसाही फारसा चालत नाही, त्यासाठी पोटॅशियम परमँगनेटसारखं रसायन चढवलेले दाणे लागतात. ‘आयन’वाल्या, म्हणजे हवेत विद्युतभारित कण सोडणाऱ्या यंत्रांत ओझोन हा घातक वायू तयार होतो का, हेही विचारावं, कॅलिफोर्नियात घरगुती यंत्रांना ०.०५० पीपीएमची मर्यादा कायद्याने आहे.

बारा महिन्यांच्या आयुष्याला हवेच्या स्थितीशिवाय अर्थ नाही. चिनी मानकात सीएडीआर निम्म्यावर येईपर्यंत फिल्टर किती मिलिग्रॅम कण पोटात घेतो ते मोजतात. त्याच्या २०१५ च्या आवृत्तीत सर्वोच्च पी४ दर्जाला १२,००० मिलिग्रॅम किंवा अधिक लागत. खोलीत सरासरी ३० मायक्रोग्रॅम, ताशी १५० घनमीटर प्रवाह, दिवसाला बारा तास धरले तर रोज ५४ मिलिग्रॅम जमा होतात आणि १२,००० भरायला सात महिने लागतात. खिडकी उघडी ठेवून सरासरी १०० वर गेली तर दोन महिने आणि वर काही दिवस. यंत्रावरचा ‘फिल्टर बदला’ दिवा यातलं बहुधा काहीच जाणत नाही. अनेक यंत्रांत तो फक्त तास मोजतो.

एवढं हातात आल्यावर विक्रेत्याला लेखी विचारलं: एच१३ चा चाचणी अहवाल द्या. दोनदा ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’ असं उत्तर आलं, तिसऱ्यांदा पीडीएफ. अहवाल वाचताना आधी ‘नमुना’ हा रकाना पाहावा. तिथे ‘फिल्टर मीडिया’ लिहिलेलं होतं, म्हणजे नुसत्या कागदाचा तुकडा. चाचणी मिनिटाला ३२ लिटर हवा १०० चौरस सेंटीमीटर कागदातून सोडून केलेली, म्हणजे सेकंदाला ५.३ सेंटीमीटर वेग. आमच्या फिल्टरच्या निम्म्या कागदातून ३०० घनमीटर हवा न्यायची तर वेग ७.४ होतो, आणि वेग वाढला की बारीक कण निसटण्याचं प्रमाण वाढतं. अर्जदाराचं नाव विक्रेत्याचं नव्हतं, कागद बनवणाऱ्या वेगळ्याच कंपनीचं होतं. मॉडेल नंबर नाही. कागद एच१३ असेलही. फिल्टर एच१३ असल्याचा पुरावा त्या अहवालात नव्हता.

तक्रार लिहिताना ‘हवा शुद्ध होत नाही, फसवणूक झाली’ असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघम येतं. एक वाक्य, एक आक्षेप, एक मागणी अशी जोडी लावावी. आमच्या अर्जातला एक परिच्छेद असा:

‘जाहिरातीत “खोलीतील ९९.९७% पीएम २.५ नष्ट” असे म्हटले आहे. सोबतचा अहवाल केवळ फिल्टर कागदाच्या तुकड्याचा आहे. तयार फिल्टर संबंधित यंत्रात बसवून, नमूद आकाराच्या खोलीत, किती वेळात ही घट होते याचा पुरावा जाहिरातदाराने सादर करावा; अन्यथा दावा मागे घ्यावा.’

घरच्या मोजणीचा तक्ता सोबत जोडला, पण पुरावा म्हणून नव्हे, शंकेला आधार म्हणून. दावा सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर आहे. ग्राहकाने प्रयोगशाळा उभारायची नाही. केंद्र सरकारच्या जून २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत हे आहे, आणि बारीक अक्षरातली टीप मुख्य दाव्याला छेद देऊ शकत नाही, हेही. ‘*प्रयोगशाळेतील परिस्थितीत’ या तळटिपेवर आमचा स्वतंत्र आक्षेप होता.

हा अर्ज तीन ठिकाणी जातो आणि प्रत्येकाकडून वेगळी अपेक्षा ठेवायची. ऑनलाइन दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याने २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. पैसे परत मिळायचे ते बहुधा इथूनच. तिथे अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. ती कंपनीकडे पाठपुरावा करते, आदेश देत नाही. जाहिरात हटवायची असेल तर मुंबईची अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स काउन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे अ‍ॅस्की. ती जाहिरातदारांनीच १९८५ मध्ये स्थापन केलेली स्वनियमन संस्था आहे. ग्राहकाला शुल्क नाही, भरपाईही नाही. जाहिरातदाराने सुरुवातीलाच दावा मागे घेतला किंवा बदलला तर प्रकरण तिथेच मिटतं; नाहीतर ते ग्राहक तक्रार परिषदेपुढे जातं. दंड व्हावा अशी इच्छा असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम १७ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा थेट केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे लिहिता येतं. पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आमच्या बाबतीत दुकानाने पैसे परत केले आणि फिल्टर परत मागितला. तो देण्याआधी फोमच्या पट्टीचा, टॉर्चच्या उजेडाचा आणि चुण्यांवर मोजपट्टी ठेवलेला व्हिडिओ काढून ठेवला. नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जायचं असेल तर मात्र फिल्टर देऊ नये, सीलबंद ठेवावा. आयोग गरज वाटल्यास नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क शून्य, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते.

जाहिरातीतून ‘खोलीतील’ आणि ‘धुऊन वापरा’ गेलं. ‘एच१३’च्या जागी ‘हेपा ग्रेड’ आलं. शेजारच्या विक्रेत्याच्या पानावर जुनंच चित्र जुन्याच मजकुरासह आहे. तक्रार जाहिरातदारागणिक वेगळी करावी लागते, म्हणून त्याचे स्क्रीनशॉट नव्याने काढून ठेवले आहेत.